रेटिंगचा रकाना

टाइम स्टडीच्या कागदावर डावीकडे कामाचे तुकडे लिहिलेले असतात, त्यांच्यापुढे घड्याळानं दाखवलेला वेळ आणि त्याला लागून एक अरुंद रकाना. त्यात एकच आकडा भरायचा असतो. त्याला आम्ही रेटिंग म्हणतो. मी ३६ वर्षं कारखान्यांमध्ये वर्क स्टडीचं काम केलं. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला मशिनं आठवत नाहीत, बढत्या आठवत नाहीत. १९९३ साली त्या रकान्यात मी भरलेला एक आकडा आठवतो.

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातला तो कारखाना. विजेचे स्विच बनायचे. जुळणीच्या खात्यात २२ बाया. प्रत्येकीपुढे एक टेबल, टेबलावर हातप्रेस, डावीकडे प्लास्टिकच्या बॉडीचा ट्रे, उजवीकडे पितळी पट्ट्या, स्प्रिंगा आणि स्क्रू. बॉडी उचलायची, पट्टी बसवायची, स्प्रिंग अडकवायची, प्रेसचा दांडा ओढायचा, स्क्रू आवळायचा, बटण दोनदा दाबून पाहायचं आणि नग क्रेटमध्ये ठेवायचा. सगळं उभ्यानं.

चौथ्या टेबलावरच्या ताईंचा अभ्यास मी घेतला. त्यांचा हात स्वच्छ होता. ना घाई, ना रेंगाळणं. वर्क स्टडीवाला आला की शॉपमध्ये एक कुजबूज पसरते, 'टायमिंगला आलेत', आणि सगळ्यांचे हात आपोआप जड होतात. त्या दिवशीही शेजारच्या टेबलावरून त्यांना डोळ्यांनी खुणा होत होत्या. मला त्या दिसल्या, त्यांनाही दिसल्या असणार. पण त्यांचा हात रोजच्याच चालीनं चालत राहिला. मी डाव्या खांद्याच्या जरा मागे उभा होतो. हातात फळी, फळीला अडकवलेलं दशांश मिनिटांचं घड्याळ. त्याच्या मोठ्या काट्याचा एक फेरा म्हणजे मिनिट आणि फेऱ्याचे १०० भाग. दोन दिवसांत ४० नग मोजले. सरासरी आली १.२० मिनिट.

आता रकान्याविषयी सांगायला हवं. नाही तर मी काय केलं ते कळणार नाही.

घड्याळ फक्त एवढंच सांगतं की या माणसाला या वेळी किती वेळ लागला. तो जिवाच्या आकांतानं पळत होता की मुद्दाम रेंगाळत होता, ते घड्याळाला कळत नाही. ते बघणाऱ्यानं ठरवायचं. काम शिकलेला माणूस, मनापासून पण अंगावर ताण न घेता, दिवसभर ज्या चालीनं काम करू शकेल ती चाल म्हणजे १००. ब्रिटिश मोजपट्टीवर ताशी चार मैल चालणारा माणूस १००, आणि ५२ पत्ते ०.३७५ मिनिटांत वाटणारा हात १००. पवईला, विहार तलावाच्या काठी, निटी या संस्थेत मी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केला होता. तिथं खोलीत पत्ते वाटवाटून आणि एकमेकांना चालायला लावून आम्ही डोळा तयार केला. पहिले काही दिवस प्रत्येकाचा अंदाज वेगळा यायचा, मग हळूहळू सगळे जवळ येऊ लागलो. माझा डोळा चांगला तयार झाला होता, एवढं मी खात्रीनं म्हणू शकतो. म्हणूनच पुढे जे केलं ते चूक म्हणून सोडून देता येत नाही.

घड्याळातल्या वेळाला रेटिंगनं गुणायचं आणि १०० नं भागायचं. आलेल्या वेळात थकव्याची, नैसर्गिक गरजांची, उभ्या कामाची सवलत मिळवायची. तो झाला प्रमाण वेळ. आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास वजा केला की ४५० मिनिटं उरतात. त्यांना प्रमाण वेळानं भागलं की दिवसाचा आकडा मिळतो. हा आकडा करारात जातो, फळ्यावर लागतो आणि माणसाच्या दिवसावर जाऊन बसतो.

चौथ्या टेबलावर माझ्या डोळ्यांना १०० दिसले होते. मी ८५ लिहिले.

आणखी एक गोष्ट केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं वर्क स्टडीवरचं पुस्तक, १९५७ साली पहिल्यांदा निघालेलं, आमच्या पिढीच्या प्रत्येकाच्या टेबलावर असायचं. त्यात सवलतींचं एक नमुना कोष्टक आहे. नैसर्गिक गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के, बायकांना ७. मूळ थकव्यासाठी दोघांना ४. उभ्यानं काम असेल तर पुरुषांना २, बायकांना ४. म्हणजे त्या खात्याला १५ टक्के लागू होत होते. आमच्या कारखान्याचा छापील तक्ता मशिनशॉपसाठी केलेला, पुरुषांचा होता. त्यात ११ होते. मी तोच लावला. बायकांचा रकाना पुस्तकात होता आणि पुस्तक माझ्या कपाटात होतं.

१.२० मिनिटांचे, ८५ रेटिंगनं, झाले १.०२. त्यात ११ टक्के मिळवल्यावर १.१३. दिवसाचे ३९७ नग. खरं रेटिंग आणि खरी सवलत धरली असती तर १.३८ मिनिटं आणि ३२६ नग. मधले ७१ नग मी कागदावर निर्माण केले. ते रोज हातांनी निर्माण करायचे होते त्या २२ बायांनी.

असं का केलं, याचं उत्तर मी अनेक वर्षं बाहेर शोधत राहिलो. अभ्यासाच्या आदल्या संध्याकाळी प्रॉडक्शनच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. चहा मागवला. आमच्या पट्ट्यात तीन-चार वर्षांनी वेतनकरार होतो आणि पगारवाढ हवी तर उत्पादनवाढ द्या, अशी देवाणघेवाण असते. तो करार तोंडावर आला होता. साहेब म्हणाले, "चारशेच्या आसपास आलं तर बोलणी सोपी होतील." बस. हुकूम दिला नाही, धमकी दिली नाही. ८५ लिहा असं तर त्यांनी मुळीच म्हटलं नाही. रेटिंग हा शब्दही त्यांच्या तोंडून आला नाही. तो आकडा मी एकट्यानं, माझ्या टेबलावर बसून, पेन्सिलनं लिहिला आणि नंतर शाईनं गिरवला.

मनाची समजूत घालायला कारणं तयारच होती. कामगार टायमिंगच्या वेळी मुद्दाम सावकाश काम करतात, तेव्हा रेटिंग खाली धरणं म्हणजे फक्त तोल सावरणं, असं आम्ही आपसात म्हणायचो. त्या सावकाशीला आम्ही लबाडी म्हणत आलो. आज मला ते तसं वाटत नाही. ज्याच्या कामाचा वेळ दुसरं कुणीतरी ठरवणार आणि त्या कागदावर ज्याला एक अक्षरही लिहिता येणार नाही, त्याच्या हातात मंदावण्याखेरीज दुसरं काय असतं? शिवाय चौथ्या टेबलावर तेही झालं नव्हतं. ताई सावकाश झाल्या असत्या तर त्यांचे १.४० आले असते आणि ८५ रेटिंग लावूनही आकडा ३४० च्या वर गेला नसता. मग मला निदान अडचण तरी आली असती. त्यांनी प्रामाणिकपणे काम दाखवलं म्हणून माझं काम सोपं झालं. शेजारणींचं न ऐकता त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

दुसरं कारण घराचं. नुकतीच बढती झालेली, फ्लॅटचं कर्ज, मुलगा पहिलीत. ही कारणं खोटी नव्हती. पण १०० लिहिले असते तर माझी नोकरी गेली नसती, हेही खरं आहे. फार तर साहेब नाराज झाले असते, बोलणी लांबली असती, माझं एखादं वर्ष फुकट गेलं असतं. मी पोटासाठी नाही, साहेबांच्या कौतुकासाठी केलं. हे लिहायला मला जवळपास तीस वर्षं लागली.

माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. १९२८ चा संप त्यांनी पाहिलेला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. मागण्या अनेक होत्या, पण मुळाशी होती ती रॅशनलायझेशनची धास्ती: एका विणकरानं जास्त साचे चालवायचे, कातणाऱ्यानं जास्त चात्या सांभाळायच्या आणि उरलेल्यांनी घरी जायचं. त्या सहा महिन्यांत आजोबा गावी येऊन दुसऱ्याच्या शेतात राबले. मी वर्क स्टडीत जातोय हे त्यांना कळलं तेव्हा ते खूप थकले होते. मला म्हणाले, "म्हणजे तू साचे मोजणारा होणार." मला राग आला होता. आता सगळं शास्त्रशुद्ध असतं, असं काहीतरी मी त्यांना सांगितलं. ते गप्प बसले.

शास्त्र खोटं नव्हतं. हे मला आवर्जून सांगायचं आहे, कारण माझ्या अपराधाचा दोष या विषयावर जाऊ नये. वर्क स्टडीला दोन अंगं आहेत. एक मेथड स्टडी, म्हणजे काम कसं होतं ते बघून कामाची रीत सुधारायची. दुसरं वर्क मेझरमेंट, म्हणजे सुधारलेल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं. क्रम हाच. रीत आधी, घड्याळ नंतर. निटीत पहिल्याच दिवशी फळ्यावर हे लिहिलं गेलं होतं. काम करणाऱ्याचं नाव लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: हे काम का करायचं? इथंच का? याच वेळी का? याच माणसानं का? याच पद्धतीनं का? जे टाळता येईल ते टाळा, जोडता येईल ते जोडा, क्रम बदला आणि मग उरलेलं सोपं करा.

या दोन अंगांमागे दोन माणसं उभी आहेत, असं मला नेहमी वाटत आलं आहे. फ्रेडरिक टेलर आपल्या १९११ च्या पुस्तकात अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यातली हकिगत सांगतो. कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाघिणीत भरणारा माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा. त्याला कधी उचल, कधी थांब हे सांगून साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर गेली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. त्या कामाला लायक माणसाची तुलना टेलरनं बैलाशी केली आहे. पुस्तक निघालं त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात एका साचेकारानं घड्याळाखाली काम करायला नकार दिला, त्याला काढून टाकलं, आणि सगळे साचेकार काम टाकून बाहेर पडले. अमेरिकेच्या संसदेनं चौकशी केली आणि १९१५ मध्ये सैन्याच्या कारखान्यांत स्टॉपवॉचला कायद्यानं बंदी झाली.

दुसरा माणूस फ्रँक गिलब्रेथ. तो स्वतः गवंड्याचं काम शिकला होता. गवंडी प्रत्येक विटेसाठी पायापर्यंत वाकतो, वीट उचलतो, उलटसुलट करून चांगली बाजू शोधतो, ती लावतो आणि करणीनं ठोकतो. गिलब्रेथनं गवंड्याला घाई करायला सांगितलं नाही. त्यानं परांची अशी केली की भिंतीबरोबर वर सरकेल आणि विटा कमरेच्या उंचीवर राहतील. चांगली बाजू वर करून विटा आधीच रचून ठेवायला मदतनीस दिला. चुना असा कालवायला लावला की वीट ठोकावी लागू नये. एका विटेमागच्या १८ हालचाली पाचाच्या आसपास आल्या आणि तासाला १२० विटांच्या जागी ३५० लागू लागल्या. त्याची बायको लिलियन मानसशास्त्रातली डॉक्टर. दोघांनी १९१६ साली थकव्यावरच वेगळं पुस्तक लिहिलं. १९२४ मध्ये फ्रँक गेल्यावर अकरा लेकरांचा संसार सांभाळत तिनं हे काम पुढं नेलं, स्वयंपाकघरापर्यंत नेलं. गवंड्याची पाठ वाचवून भिंत लवकर उभी करता येते, हे या नवरा-बायकोनं दाखवलं.

मला दोघंही शिकवले गेले होते. चौथ्या टेबलापाशी मी गिलब्रेथ बाजूला ठेवला.

हे मी अलंकारिक बोलत नाही. तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच खात्यात मी पुन्हा गेलो, कारण ३९७ चा आकडा बहुतेक टेबलांवर गाठला जात नव्हता आणि साहेबांना कारण हवं होतं. आकडा ३५०-३५५ वर अडकायचा, बायांचा इन्सेंटिव्ह बुडायचा. या वेळी मी घड्याळ घेतलं नाही. टिपेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात इंग्लंडच्या विणकामखात्यांत एक पद्धत वापरली होती: ठरवून नव्हे तर कधीही, अवचित वेळी खात्यातून फेरी मारायची आणि प्रत्येक साचा चालू आहे की बंद, एवढंच टिपायचं. मी तसं केलं. तीन दिवस, रोज १५ फेऱ्या, २२ टेबलं. ९९० नोंदी झाल्या. त्यातल्या ११० वेळा हात थांबलेले होते. बाई टेबलापाशी उभी, पण ट्रेमध्ये बॉडी नाही, किंवा प्रेसचा दांडा अडकलेला आणि मेंटेनन्सचा माणूस आलेला नाही.

नऊ नोंदींपैकी एक. म्हणजे प्रत्येकीची रोजची ५० मिनिटं. बॉडीची ट्रॉली मोल्डिंगहून सकाळी उशिरा यायची, कारण ट्रॉली एकच होती आणि ती आधी पॅकिंगला जायची. कुणी तसं मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. कधीतरी सुरू झालं आणि चालत राहिलं. ५० मिनिटं म्हणजे खऱ्या प्रमाण वेळानं एकीचे ३६ नग, सगळ्यांचे मिळून रोज आठशेच्या आसपास. साहेबांना हवी असलेली निम्मी वाढ त्या ट्रॉलीत आणि अडकणाऱ्या दांड्यात होती. उरलेल्या निम्म्यातली बरीचशी टेबलाच्या मांडणीत होती: ट्रे दूर, दांडा खांद्याच्या वर, डावा हात नुसता बॉडी धरून बसलेला, स्टूल नाही. कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात स्पष्ट म्हटलं होतं की उभ्यानं काम करणाऱ्यांना, काम सांभाळून संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बसायची सोय हवी. कायदा १९४८ चा. मी त्या खात्यात उभा होतो १९९३ साली.

ट्रॉली बघायची तर मला मोल्डिंगच्या साहेबांना, स्टोअरला, मेंटेनन्सला प्रश्न विचारावे लागले असते. ते माझ्या बरोबरीचे किंवा माझ्या वरचे. बाईचा हात बघायला कुणाची परवानगी लागत नाही. मी सगळ्यात कमजोर माणूस निवडून त्याच्यापुढे घड्याळ धरलं.

१९९६ नंतर दुसरी ट्रॉली आली. ट्रॉलीबद्दल माझं कौतुक झालं. ३९७ मात्र ३९७ च राहिला. तो बदलायचा तर १९९३ चा कागद खोटा होता असं म्हणावं लागलं असतं. मी म्हटलं नाही.

त्यानंतर मी नोकरी बदलली, नाशिककडे गेलो. तिथं अशाच एका जुळणीच्या कामावर मी शिकल्याप्रमाणे केलं. दोन बॉडी एकाच वेळी धरणारं फिक्श्चर केलं, म्हणजे दोन्ही हात बरोबर सुरू होऊन बरोबर थांबतील. स्प्रिंगांचे डबे उतरते ठेवले. दांड्याच्या जागी पायाचं पॅडल दिलं. उंच स्टूल आणले. आधी आठ दिवस बायांना वापरून बघायला दिलं. त्यांनी पॅडल डावीकडून उजवीकडे घ्यायला लावलं, तेही बरोबरच होतं. नगामागचा वेळ पाव हिश्श्यानं कमी झाला आणि संध्याकाळी कुणाची कंबर धरत नव्हती. त्या कामाचा मला आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण तिथंही एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नाही. वाचलेल्या वेळाचं काय करायचं, यावर युनियनबरोबर मी स्वतः बोललो होतो. कुणालाही कमी करणार नाही, असं लिहून घेतलं. यादीत सगळ्या कायम बायांची नावं होती. कंत्राटदाराच्या पाच मुली त्या लाइनवर होत्या, त्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. पुढच्या महिन्यात त्या दिसल्या नाहीत. सुपरवायझरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टच्या होत्या, साहेब. गरज नाही उरली." त्यांच्यातल्या एकीनंच पॅडलची बाजू बदलायला सुचवलं होतं.

चौथ्या टेबलाच्या ताई मला २०१४ साली चिंचवडच्या मंडईत भेटल्या. मी ओळखलं नाही, त्यांनी ओळखलं. "साहेब, चौथं टेबल," म्हणाल्या. मुलगी इंजिनिअर झाल्याचं सांगितलं, कारखाना केव्हाच सोडल्याचं सांगितलं. बोलता बोलता तब्येतीचा विषय निघाला. मूत्रमार्गाच्या दुखण्यानं त्यांना फार सतावलं होतं, दोनदा दवाखान्यात राहावं लागलं होतं. "तेव्हा आम्ही दिवसभर पाणी पीत नव्हतो ना," त्या अगदी सहज म्हणाल्या. "बाथरूमला गेलं की आकडा जायचा. रिलीव्हर कुठला असायचा! घरून बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची."

मला ती बाटली आठवली. टेबलाच्या पायाशी, हिरव्या झाकणाची. मी फेऱ्या मारताना ती पाहिली होती आणि ती नेहमी भरलेली कशी, हा प्रश्न मला पडला नव्हता. नैसर्गिक गरजांची सवलत: ७ च्या जागी ५. पाळीत नऊ मिनिटांचा फरक. कागदावर मी दोन टक्के कमी केले होते ते इथून गेले होते.

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. दुखणं त्यामुळेच झालं, असं मी डॉक्टरासारखं म्हणू शकत नाही. पण पाणी न पिण्याचं कारण माझ्या अक्षरातलं होतं, हे मला त्यांना तिथंच सांगता आलं असतं. मी मुलीचं अभिनंदन केलं, तब्येतीला जपा म्हणालो आणि निघालो. नंतरही सांगता आलं असतं. जुन्या कामगारांकडून पत्ता मिळाला असता. मी शोधला नाही. १९९३ साली मला साहेबांची भीती होती असं म्हणावं, तर २०१४ साली कुणाची होती? निवृत्तीला थोडे दिवस उरले होते, घर फिटलं होतं, मुलगा कमावता झाला होता. तेव्हाची माझी चुप्पी मला त्या ८५ पेक्षाही वाईट वाटते.

अलीकडे माझा पुतण्या एका मोठ्या गोदामात इंडस्ट्रिअल इंजिनिअर म्हणून लागला. तिथं फळी नाही, घड्याळ नाही. हातातला स्कॅनर प्रत्येक वस्तूमागचे सेकंद स्वतः नोंदवतो आणि दिवसाचं लक्ष्य सकाळी पडद्यावर येतं. मी त्याला विचारलं, रेटिंग कोण ठरवतं? त्याला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग म्हणाला, सिस्टिममध्ये असतं. म्हणजे तो अरुंद रकाना अजून आहे. कुणीतरी तो भरला आहे. फक्त भरणाऱ्याला आता कुणाच्या खांद्यामागे उभंही राहावं लागत नाही.

या पेशात नव्यानं येणाऱ्यांना माझं सांगणं आहे. मोजायला जाल तेव्हा आधी ट्रॉली बघा, स्टूल बघा, पाण्याची बाटली भरलेली आहे का ते बघा. ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांना आधी मोजा. आणि भरलेला कागद, रेटिंग आणि सवलतीसकट, ज्याचा वेळ मोजला त्याच्यापुढे ठेवा, त्याच्या भाषेत वाचून दाखवा. त्याच्या डोळ्यांत बघून तुम्हाला तो आकडा उच्चारता आला नाही, तर तो लिहू नका. एवढं मी केलं असतं तर ८५ हा आकडा माझ्या तोंडून निघाला नसता.

ताई, हे तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, मला माहीत नाही. तुमचा हात १०० चा होता. मी तो १९९३ मध्येच पाहिला होता. चौथ्या टेबलाचा आकडा ३२६ होता.